गाडी येईस्तोवरची वाकळ

त्या सांजंला जिनिंगच्या गेटापाशी कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की म्हातारी एकटीच बडबडायली. मी होते. माझी सून होती. माझी धाकली जाऊ होती. बौद्धवाड्यातली एक बाई होती, माझ्याच वयाची, तिला समद्या ताई म्हणतात, मी बी ताईच म्हणते. आमच्या गावच्या अजून काही बाया होत्या. गेटावरचा वॉचमन होता. गाडीचा ड्रायव्हर होता, पण त्यानं तिथं असायला नको होतं, ते पुढं येईलच. अन धाकला मालक होता. नावं मी कुणाचीच लिहीत न्हाई. बायांना अजून कामाला जायचंय, अन धाकल्या मालकाचं नाव लिहावं एवढा काही त्यो मोठा न्हाई.

मी चौथीपोतर शाळा शिकले. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं. तेवढ्यात भागवून घ्या.

आमचं गाव पेडगावच्या पलीकडं. दिवाळी झाली की कापूस निघतो अन सडकंवरच्या जिनिंग सुरू होतात. बायांचं काम म्हणजे कापसाच्या ढिगाला बसायचं अन त्याच्यातली पत्ती, काडी, कवडी येचून बाजूला काढायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. डोक्याला फडकं बांधलं तरी सांजंला समद्यांच्या केसात, भुवयांत, नाकात कापूस. घरी गेलं की कुत्रं बी वळखत न्हाई. पण काम वाईट होतं असं मी म्हणणार न्हाई. मी सडकंची खडी फोडलीय, ऊस तोडलाय, दुष्काळात तलावाची माती वाहिलीय. सावलीत बसून कापूस येचणं मला जड न्हवतं.

सकाळी मालकाची जीप गावात यायची, आमाला भरून न्यायची. सांजंला सहाला भोंगा वाजला की सुट्टी, अन तीच जीप परत आणून सोडायची. त्या टायमाला आमच्या गावाकडं दुसरी गाडीच न्हाई. चालत जायचं तर मदी वढा अन अंधार, अन मोठ्या ट्रकांची सडक. म्हणजे जीप हाय तर घर हाय.

थोरला मालक जुना माणूस होता. वरडायचा, शिव्या द्यायचा, पण भोंगा वाजला की त्याचं वरडणं बी बंद व्हायचं. त्यो आजारी पडला अन कारभार पोराकडं आला. ह्यो पोरगा पुण्याला शिकून आलेला. त्यानं पहिल्या दिशी समद्या बायांना गोळा केलं अन भाषण दिलं. म्हणला, मावशी, आजपासून तुमी मजूर न्हाईत, आपली ही एक फॅमिली हाय. मग चहा दिला. कप अर्धा. ताई माझ्या कानात म्हणली, "फॅमिली हाय, पण दूध न्हाई."

त्याला बायांचं तोंड बघून बोलायची सवय न्हवती. मोबाइलकडं बघत बोलायचा. मावशी म्हणायचा, पण कोणती मावशी ते त्याला म्हाईत न्हवतं. त्याला वाटायचं गोड बोललं की बायांना कळत न्हाई. आमाला काय, गोड बोलणारी माणसं जन्मभर भेटली. मतं मागायला येतात ती समदी गोडच बोलतात.

आता मुद्द्याचं. एका सांजंला जीप खरंच पंक्चर झाली. भोंगा वाजला, आमी हातपाय धुवून गेटापाशी बसलो. बसलो तर बसलो, पण बाईच्या जातीला रिकाम्या हातानं बसायची सवय कुठं हाय. आमच्यात बाई रिकामी बसली की सासू खाकरते. तर माझी जाऊ उठली, ढिगातला कापूस मांडीवर घेतला अन बोलत बोलत येचायला लागली. मग दुसरी बसली. मग समद्याच बसलो. कुणी सांगितलं न्हवतं. कुणी इचारलं बी न्हवतं. गप्पा मारत मारत ढीग साफ झाला अन जीप आली.

त्या टायमाला धाकला मालक हापिसाच्या काचंतून बघत होता.

दुसऱ्या दिशी जीपला उशीर. तिसऱ्या दिशी बी. रोजच. कवा डिझेल, कवा बॅटरी, कवा म्हणं साहेबांच्या पाहुण्यांना सोडायला गेलीय. अन उशीर तरी कसा, जेवढा ढीग राहिलेला असंल तेवढाच. ढीग सरला की जीप हजर. मालक काचंतून बाहेर यायचा, हात मागं बांधून म्हणायचा, "मावशी, बसून बसून कंटाळलाव असताल. गाडी येईस्तोवर तेवढं आवरा की." आवाज असा की आमच्यावर उपकार करायलाय.

माझं एकटीचं असतं तर मी बोलले नसते. मला घरी जाऊन काय करायचं, म्हाताऱ्याला भाकरी टाकायची. पण माझ्या सुनंचं लेकरू तवा अंगावर पीत होतं. वर्षाचं बी झालं न्हवतं. ती सकाळी पाजून यायची अन सांजंला जाऊन पाजायची, मदी म्हातारा त्याला बिस्किट भिजवून चारायचा. सहाला सुटलं की दिस बुडता बुडता लेकरू तिच्या मांडीवर. पण जीपला उशीर व्हायला लागला तवापासून लेकरू रडून रडून झोपून जायचं. झोपलेलं उठवलं तर तोंड लावायचं न्हाई, चिडायचं. हिची छाती दगडासारखी व्हायची, गेटापाशी बसून चोळी वली व्हायची, पदर पुढं घेऊन बसायची. मग काही दिसांनी चोळी वली व्हायची बी कमी झालं. दवाखान्याकडून गावात फिरणारी आशाताई म्हणली, असंच चाललं तर दूध आटंल.

आटंल म्हणजे काय ते मला सांगायची गरज न्हाई. खडी फोडायच्या कामावर मुकादम मला बी सोडत न्हवता. माझं पहिलं लेकरू मग वरच्या दुधावर आलं, अन त्या उन्हाळ्यात दूध तरी कुठं होतं. ते गेलं. त्याच्याबद्दल मी कुणाला काही म्हणले न्हाई, तवा म्हणून काही होत न्हवतं. पण तेच परत, अन ते बी दुष्काळ नसताना, नुसतं एका पोराच्या हिकमतीपाई, हे मला पटंना.

सुनंचा भाऊ पुण्याकडं कंपनीत हाय. त्यानं फोनवर सांगितलं, सुट्टीनंतर काम केलं तर त्याची मजुरी द्यावी लागती, ती बी दुप्पट, कायदा हाय, अन नको म्हणायचा हक्क बी हाय. सून मला म्हणली, "आत्या, तुमी बोला. मी बोलले तर उद्या जीपात घ्यायचे न्हाईत."

मी बोलायच्या आत ताईच बोलली. तिच्या घरात आंबेडकरांचा फोटो नुसता भिंतीला न्हाई. ती सरळ हापिसात गेली, दारात उभी राहिली अन म्हणली, जादा टायमाचं काय ते सांगा.

मालकानं मोबाइल खाली ठेवला न्हाई. म्हणला, "कसला जादा टाइम? मी काम सांगितलंय का? तुमी गाडीची वाट बघायलाव. वाट बघायचे कुणी पैसे देतं का, मावशी?"

ताई परत आली अन जसंच्या तसं सांगितलं. मी ते दोनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून. मला वाटलं, पोरगं शिकलेलं हाय, बोलताना इचार करत न्हाई. त्यानंच सांगितलं की आमी वाट बघायलोत. म्हणजे त्यो येळ आमचा झाला.

दुसऱ्या दिशी मी घरून वाकळ नेली. अर्धी झालेली. लेकरासाठी घातली होती, थंडी वाढायली होती. आमच्याकडं वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची अन चारी कडून टाके घालत मदी यायचं. वरचा थर माझ्या सासूच्या लुगड्याचा. सासू गेली, लुगडं राहिलं, ते बी कामाला आलं. भोंगा वाजला, आमी हातपाय धुतले अन गेटापाशी वाकळ पसरली. मी एका कोपऱ्याला, जाऊ एका कोपऱ्याला, सून एका. ताई उभीच होती. जावंनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, चौथा कोपरा खाली हाय, कुणाची वाट बघायलीस, बस की ताई. ती बसली. दुसऱ्या दिशी तिनं तिच्या आईची पांढरी साडी आणली खालच्या थराला. लय मऊ. जाऊ त्याच्यावर हात फिरवत म्हणली, "ही साडी मला आधी दिसली असती तर मी नेसले असते." ताई म्हणली, "तू नेसून कुठं जाणार व्हतीस, ढिगावर?"

मालक बाहेर आला. ढीग तसाच पडलेला, बाया टाके घालायल्या. मग म्हणला, लाइट माझी जळायलीय. मी म्हणलं, बरं, अन आमी वाकळ उचलून गेटाबाहेर सडकंच्या खांबाखाली नेली. ती लाइट सरकारची. त्या दिशी जीप मागं कधी आली न्हवती एवढ्या उशिरा आली. त्याच्या मनात होतं, उपाशी राहिल्या की येतील कापसाकडं. आमी उपाशी राहायला आमच्या आईच्या पोटातून शिकून आलोत.

त्याच्या दुसऱ्या दिशी जाऊ लघवीला म्हणून सरकीच्या गोदामाच्या मागं गेली. पळत आली. दम लागलेला.

"अक्का, गाडी तर मागं हाय. ड्रायव्हर घोरायलाय."

मी गेले बघायला. खरंच. जीप गोदामाच्या भिंतीला लावलेली, ड्रायव्हर सीट मागं टाकून पाय वर करून झोपलेला. त्याला उठवलं तर त्यो घाबरला. म्हणला, मालकाचा फोन आल्याबिगर चावी फिरवायची न्हाई असा हुकूम हाय, माझी बी लेकरं हायत मावशी. मी त्याला काही बोलले न्हाई. त्याला बोलून काय होतं. मी नुसतं म्हणलं की माझं नातवंड तिकडं रडून झोपतंय, अन तू इकडं न रडता झोपायलास. अन परत येऊन टाके घालायला बसले.

आता ती सांज, जी मी आधी सांगितली.

वाकळ होत आली होती, फुगीर दिसायची, सहा-सात थर होते. सुट्टी झाल्यावर आमी ती बाहेर न्यायलो तर धाकला मालक गेटात आडवा. बरोबर वॉचमन. मालकाच्या तोंडावर असं हसू की चोर धरलाय.

"ह्याच्यात काय भरलंय, मावशी?"

"लुगडी," मी म्हणले.

"अन आत?"

"आत बी लुगडीच."

त्यो वॉचमनकडं बघून हसला. म्हणला, मी जिनिंग चालवतो, रजईत काय भरतात ते मला शिकवू नका. रोज थोडा थोडा कापूस आत जायलाय, म्हणून तर गेटापाशी बसता. त्यानं हे समद्यांच्या देखत म्हणलं. सडकंनं जाणारे दोन मोटारसायकलवाले थांबले. माझ्या उभ्या जन्मात मला भिकारी म्हणलेलं हाय, अडाणी म्हणलेलं हाय. चोर कुणी म्हणलं न्हवतं.

वॉचमन गावचाच माणूस. त्याला कळत होतं. त्यो म्हणला, "साहेब, वाकळ हाय ती."

मालक म्हणला, "फाड ती."

मग त्यानं पोत्याची शिवण कापायचा चाकू घेतला अन कडंची शिवण उसवली. हळू उसवली, कापड न कापता, एवढं मी त्याचं मानते. मग मदले टाके बी सोडवून एक एक थर बाहेर काढला. माझ्या सासूचं लुगडं निघालं. म्हाताऱ्याचं धोतर निघालं. सुनंची लग्नातली, जळून भोक पडलेली साडी निघाली. लेकराची दोन टोपडी निघाली, ती मी आत घालून शिवली होती, घालतात तसं. ताईच्या आईची पांढरी साडी निघाली. समदं गेटाच्या धुळीत. मालकानं वाकून बघितलं, थर झटकला, अजून झटकला. आमच्या केसात जेवढा कापूस होता तेवढा बी त्या वाकळीत न्हवता.

ह्या पोराच्या आजीनं त्याला असल्याच वाकळीवर लोळवलं असंल. त्याला ते म्हाईत नसावं, ह्याचं मला नवल न्हाई वाटलं, कीव बी न्हाई आली. वाटलं, कापसाच्या जिवावर जगतोय अन कापूस कुठं असतो, कुठं नसतो ते कळत न्हाई. असल्या माणसाला आमी भ्यायचो.

त्यो सरळ उभा राहिला. हात झटकले अन म्हणला, "बरं, ठीक हाय. घ्या तुमचं."

मी पिशवीतून सुई काढली, दोरा ओवलेलाच होता. त्याच्यापुढं धरली.

"उसवलं तुमी. आता शिवा."

"काय?"

"बसा खाली अन शिवा, मालक. आमाला घाई न्हाई. गाडी यायचीय अजून."

माझा आवाज चढलेला न्हवता. मी जेवायला वाढताना बोलते तसंच बोलले. तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. बघतो तर ड्रायव्हर. गोदामामागून गंमत बघायला आला होता बेणं, अन ह्याच्या ध्यानातच न्हाई की आपण इथं नसायला पाहिजे. मालक त्याच्याकडं बघायला लागला, ड्रायव्हर मालकाकडं. ताई शांतपणे म्हणली, "गाडी यायचीय म्हणता, मग ड्रायव्हर काय चालत आला?"

मग मात्र समद्या हसल्या. मोटारसायकलवाले बी हसले. माझी सून हसली, ती लय दिसात हसली न्हवती. मालकाचं तोंड असं झालं की अर्धा कप चहा त्यालाच पाजलाय. त्यानं मोबाइल काढला, मोबाइल वाजत न्हवता तरी कानाला लावला अन हापिसाकडं गेला. सुई माझ्या हातातच राहिली.

ड्रायव्हर फोनची वाट न बघता गेला अन जीप घेऊन आला. मी थर गोळा केले, धूळ झटकली, गाठोडं बांधलं. सून समद्यात आधी चढली. घरी गेलो तर लेकरू म्हाताऱ्याच्या खांद्यावर जागं होतं, रडून तोंड लाल, पण जागं. ती हात धुवायला बी थांबली न्हाई. उंबऱ्यातच बसली. केसात कापूस तसाच.

दुसऱ्या सकाळी जीप आली तर ड्रायव्हर माझ्याकडं न बघता म्हणला, म्हातारीला आजपासून आणू नको असं सांगितलंय. जाऊ म्हणली, अक्का न्हाई तर आमी बी न्हाई. मी म्हणलं, येडेपणा करू नका, हंगाम चार दिसांचा हाय, त्याच्यावर रुसून आपलीच चूल थंड करायची का? जा. पण भोंगा वाजला की हात झाडून उठा. गाडी असो नसो, ढिगाला कुणी हात लावायचा न्हाई. हातात काही नको वाटत असंल तर जप करा, उवा बघा, पण कापूस न्हाई.

त्यांनी तसंच केलं. पहिले काही दिस जीपला उशीर झाला, बाया गेटापाशी मांडी घालून बसल्या, ढिगाकडं पाठ करून. मग जीप भोंग्याला दारात यायला लागली. आता म्हणं धाकला मालक आल्यागेल्याला सांगतो की आपल्याकडं येळेची लय शिस्त हाय. सांगू दे. त्याला तोंड दिलंय देवानं, दुसरं काही दिलं न्हाई.

दुप्पट मजुरी कुणाला मिळाली न्हाई. मागचे जे दिस त्यानं फुकट खाल्ले ते बी मिळाले न्हाईत. मी मागायला गेले न्हाई, ताई म्हणते जायला पाहिजे होतं, कामगार हापिस परभणीतच हाय. तिचं खरं असंल. मला काम गेलं ह्याचं काही वाटलं न्हाई. मी घरी लेकरू सांभाळलं, सून कामावर गेली, अन दिस बुडायच्या आत घरी यायला लागली. दूध परत आलं. लगेच न्हाई आलं, पण आलं. लेकरू आता चालतं, कोंबड्यांच्या मागं पळतं, शिव्या बी शिकलंय.

वाकळ मी त्याच आठवड्यात परत शिवली. ताई आली होती शिवायला. धाग्याचा रंग येगळा पडला, दिसतो. सुनंनं इचारलं, ती कड तशीच उसवलेली ठेवायची का, आठवण म्हणून. मी म्हणलं, त्याच्या आठवणीपाई लेकराला थंडी लागू द्यायची का?

हे कोण वाचंल मला म्हाईत न्हाई. वाचणाराकडं मजुरीला बाया येत असतील, घरात, शेतात, दुकानात, कुठं बी, तर एवढंच करा: सुट्टीचा टाइम झाला की त्यांना जाऊ द्या. अन त्यांची गाडी तुमच्या हातात असंल तर ती दारात लावा, भिंतीमागं न्हाई.